जुन्या एच६१ मशीनमध्ये प्रोसेसर आणि रॅम: काय बदलावं, काय राहू द्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी टायपिंग इन्स्टिट्यूट, आठ कॉम्प्युटर, सगळे २०१२-१३ मध्ये असेंबल करून घेतलेले. मदरबोर्ड एच६१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप). पाच मशिनांत पेंटियम जी६३०, तिघांत आय३-२१००. प्रत्येकात डीडीआर३ रॅमची चार जीबीची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. सात मशिनांवर मुलं मराठी-इंग्रजी टायपिंगचा सराव करतात. आठव्यावर कोरलड्रॉ, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म अशी कामं चालतात. सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटं लागतात. दुकानदाराने आठही मशिनांत आय७-३७७० आणि १६ जीबी रॅम टाकायचं कोटेशन दिलं आहे. ते घ्यावं का, दुसरा कुठला प्रोसेसर बसेल आणि जुन्या रॅमबरोबर नवी चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

गेली बावीस वर्षं मी हेच काम करतोय, आणि एच६१ चे बोर्ड तर शेकड्यांनी हाताखालून गेले आहेत. उत्तर आधीच सांगतो: हे कोटेशन घेऊ नका. टायपिंगच्या सात मशिनांना प्रोसेसर बदलायची गरजच नाही. त्यांना एसएसडी, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली चिपवरची डिस्क, हवी आणि रॅम आठ जीबी हवी. आठव्या मशीनला चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) आय५, १६ जीबी रॅम आणि एसएसडी द्या. कोटेशनमधल्या रकमेचा बराच मोठा भाग तुमच्या खिशात राहील आणि मुलांना रोज जो फरक जाणवायला हवा तो पुरेपूर जाणवेल.

आता असं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण उद्या तुमच्यासमोर दुसरं एखादं जुनं मशीन येईल तेव्हा निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे.

काहीही विकत घेण्याआधी मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघा. सकाळी मशीन चालू करा, मुलं नेहमी उघडतात तेवढंच उघडा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर काढा आणि परफॉर्मन्सच्या पानावर जा. तिथे सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन आलेख दिसतात. दहा मिनिटं नुसतं बघत बसा, काम करत करत. डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटून बसली असेल आणि सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर तुमचा प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय. त्याच्या जागी आय७ आणून बसवला तर तोही तशीच वाट बघेल. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर विंडोज रॅममध्ये न मावणारा माल हार्ड डिस्कवर उतरवत असतं, आणि मग डिस्कवरचा ताण दुप्पट दिसतो. सीपीयूच सतत शंभराला टेकलेला असेल, आणि डिस्क-मेमरी निवांत असतील, तरच प्रोसेसरचा विचार. तुम्ही जे वर्णन केलंय, सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं, ते पहिल्या प्रकारचं आहे. माझ्याकडे येणाऱ्या या वयाच्या दहातल्या आठ मशिनांचं हेच असतं.

हार्ड डिस्क एवढी का अडवते, ते आकड्यांत बघा. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क म्हणजे एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि ते डोकं त्या रेघेपर्यंत न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एक विखुरलेली फाइल वाचायला बारा-तेरा मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम ऐंशी वाचनं. विंडोज सुरू होताना अशी हजारो छोटी वाचनं लागतात. एसएसडीला तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जमतं. एच६१ चे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, तीन गिगाबिटचे, त्यामुळे एसएसडीच्या खोक्यावर छापलेला ५०० एमबी प्रति सेकंदाचा वेग इथे मिळणार नाही, अडीचशेच्या वर थोडा मिळेल. त्याने काही बिघडत नाही. जाणवतो तो विखुरलेल्या छोट्या वाचनांचा वेग, आणि तो जुन्या पोर्टवरही तसाच मिळतो. फक्त बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, साटाचा मोड एएचसीआय आहे ना, तेवढं विंडोज टाकण्याआधी बघून घ्या. जुन्या असेंबल मशिनांत तो हमखास जुन्या आयडीई मोडवर ठेवलेला असतो.

एका छापखान्याचं मशीन माझ्याकडे असंच आलं होतं. त्यांनी दुसरीकडून आय७ टाकून घेतला होता, रॅमही वाढवली होती, तरी फाइल सेव्ह करायला मिनिट लागायचं. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं तर डिस्क चाळीस हजार तासांच्या पुढे चाललेली, रीअलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे खराब होऊन बाद झालेल्या जागांचा, आकडा शेकड्यांत. डिस्क मरायला टेकली होती आणि पैसे गेले होते प्रोसेसरवर. त्या डिस्कवर त्यांच्या पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका आणि बिलबुकं होती. आधी तो सगळा डेटा बाहेर काढला, मग बाकीचं. तुमच्याही आठ डिस्क दहा-बारा वर्षांच्या आहेत. कुठल्याही बदलाआधी मुलांचे रेकॉर्ड आणि ऑफिसच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्या. यात आळस नको.

आता रॅम. एच६१ ला दोनच स्लॉट असतात आणि डीडीआर३ ची आठ जीबीपेक्षा मोठी पट्टी त्याच्यावर चालत नाही, म्हणून कमाल १६ जीबी. टायपिंगच्या मशीनला १६ जीबी देणं म्हणजे पैसे स्लॉटमध्ये खोचून ठेवणं. तिथे चार जीबीची आणखी एक पट्टी पुरे. दोन पट्ट्या झाल्या की आणखी एक गोष्ट घडते: मेमरी दोन चॅनेलमधून वाहायला लागते. १३३३ वेगाच्या एका पट्टीला सेकंदाला सुमारे १०.६ जीबीची वाट असते, दोन पट्ट्यांना २१ च्या वर. तुमच्या मशिनांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे स्क्रीनवरच्या हालचालीतही थोडा फरक दिसतो.

जुन्या पट्टीबरोबर नवी चालते, कंपनी वेगळी असली तरी. वेग वेगळा असेल तर दोन्ही हळू पट्टीच्या वेगाने चालतात. शिवाय वेगाची वरची मर्यादा प्रोसेसर ठरवतो: पेंटियम जी६३० रॅम १०६६ वरच चालवतो, आय३-२१०० जास्तीत जास्त १३३३ वर, आणि इंटेलच्या तिसऱ्या पिढीचे आय५-आय७ १६०० वर. म्हणजे पेंटियमच्या मशीनसाठी १६०० ची पट्टी मुद्दाम शोधत बसू नका, पण तीच स्वस्त मिळत असेल तर घ्या, ती गुमान १०६६ वर चालेल.

घेताना तीन गोष्टींत लोक फसतात. पहिली, ऑनलाइन फार स्वस्तात मिळणारी डीडीआर३ ची पट्टी, जिच्या वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरांत 'फक्त एएमडीसाठी' असं असतं. तिच्यावरच्या चिपची रचना वेगळी असते आणि इंटेलच्या बोर्डवर ती डिस्प्लेच देत नाही. दुसरी, सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम. दिसायला तशीच, २४० पिनांची, खाचही त्याच जागी, पण घरगुती बोर्डवर चालत नाही. पट्टीच्या मधोमध एक जास्तीची चिप आणि लेबलवर आकड्यांनंतर आर हे अक्षर दिसलं की बाजूला ठेवा. तिसरी, लॅपटॉपची आखूड पट्टी; ती डेस्कटॉपला बसतच नाही. डीडीआर३एल असं लिहिलेली, १.३५ व्होल्टची पट्टी मात्र निर्धास्त घ्या. ती तुमच्या बोर्डवर १.५ व्होल्टलाही चालते. उलटं चालत नाही: चौथ्या पिढीपासूनच्या लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची जुनी पट्टी टाकली तर मशीन उठत नाही.

आणि विंडोज ६४ बिटचंच आहे याची खात्री करा. मला आजही असे कॉम्प्युटर भेटतात ज्यांत आठ जीबी रॅम आहे आणि वर ३२ बिटचं विंडोज. त्यातली सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरात येते, बाकीची नुसती बसून असते. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये बघितलं की कळतं.

रॅम बसवल्यावर डिस्प्ले आला नाही आणि लांब बीप वाजत राहिले तर लगेच घाबरून पट्टी परत करू नका. दहा वर्षं रिकाम्या राहिलेल्या स्लॉटमध्ये धूळ साचलेली असते. स्लॉटवर लहान ब्रश फिरवा. पट्टीच्या सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने, एकाच दिशेने घासा, रबराचा चुरा झटकून टाका आणि पट्टी पुन्हा बसवा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून लागेपर्यंत. कोकणातून येणाऱ्या मशिनांत तर या कडांवर दमट हवेने मळकट थर चढलेला असतो, रबर फिरवलं की काळपट निघतो आणि खालून सोनं चमकतं. अर्ध्या 'मेलेल्या' मशिनांचा जीव मी याच खोडरबराने परत आणलाय. चालू झाल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवा. सेकंडहँड रॅमला हे केल्याशिवाय माझ्या दुकानातून बाहेर सोडत नाही. खराब रॅम मशीन बंद पाडत नाही, ती गुपचूप फाइल खराब करते, आणि ते जास्त वाईट.

प्रोसेसरचा विषय थोडा लांबतो, कारण इथे बोर्ड मालक असतो. तुमच्या बोर्डचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, एलजीए ११५५. ते जानेवारी २०११ मध्ये दुसऱ्या पिढीबरोबर आलं, २०१२ मध्ये तिसरी पिढी त्याच सॉकेटवर आली, आणि २०१३ मध्ये चौथी पिढी ११५० वर गेली. त्यामुळे तुमच्या बोर्डवर फक्त दुसरी आणि तिसरी पिढी बसते. आय५ म्हटलं की कुठलाही आय५ बसेल असं नाही. नंबरचा पहिला आकडा २ किंवा ३ असायला हवा, चार आकडी नंबरात.

दुसऱ्या पिढीतले आय५-२४०० आणि आय५-२५०० एच६१ वर सहसा बायोसला हात न लावता चालतात. तिसऱ्या पिढीतले आय५-३४७० आणि आय७-३७७० यांना बायोस नवा लागतो. इथेच बरेच जण अडकतात: बायोस अपडेट जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच करावं लागतं. आधीच नवा बसवला तर स्क्रीन काळी, आणि लोक समजतात प्रोसेसर खराब निघाला. म्हणून बोर्डवर छापलेला मॉडेल नंबर आणि रिव्हिजन वाचा, कंपनीच्या पानावर त्या बोर्डची प्रोसेसरची यादी बघा, कुठल्या प्रोसेसरला बायोसची कितवी आवृत्ती लागते ते तिथे लिहिलेलं असतं. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा गप्प होऊ शकतो, तेव्हा यूपीएसशिवाय हे काम करू नका, आणि यूपीएसची बॅटरी खरंच दहा मिनिटं धरते का ते आधी बघा. काही बोर्डांवर वर गेलेला बायोस परत खाली आणता येत नाही. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरीही याच वेळी बदलून टाका. आपल्याकडे बाजारात नवे म्हणून विकले जाणारे एच६१ बोर्ड आजही मिळतात. त्यांतल्या कितीतरी बोर्डांचा बायोस नेटवर कुठेच मिळत नाही. तसा बोर्ड असेल तर विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्या किंवा दुसऱ्या पिढीचाच प्रोसेसर घ्या.

ब्रँडेड ऑफिस मशीन कुणी घेऊन आलं तर आणखी एक बघावं लागतं. क्यू६५, क्यू६७ आणि बी६५ या चिपसेटवर सॉकेट तेच ११५५ आहे, पण इंटेलने त्यांना तिसऱ्या पिढीचा आधार दिलाच नाही. सॉकेटमध्ये प्रोसेसर बसतो, मशीन उठत नाही.

मग आय५ की आय७? आय३-२१०० मध्ये दोन कोअर आणि चार थ्रेड, म्हणजे प्रत्येक कोअर एकाच वेळी दोन कामं सांभाळतो. आय५-३४७० मध्ये चार खरे कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ, गरज पडली की ३.६ पर्यंत. आय७-३७७० मध्येही कोअर चारच, फक्त थ्रेड आठ, आणि वेग ३.४ ते ३.९. दोन कोअरवरून चारवर जाताना उडी मोठी असते. चार कोअरवरून त्याच चार कोअरच्या आठ थ्रेडवर जाताना कोरलड्रॉ आणि फोटोच्या कामात फरक थोडा पडतो, पैशांत मात्र बराच पडतो. व्हिडिओ रेंडर करणारा माणूस असता तर मी आय७ म्हटलं असतं. पण त्यालाही हे सांगितलं असतं की या दोन्ही पिढ्यांत एव्हीएक्स२, म्हणजे प्रोसेसरमधली जलद गणिताची सोय, नाही, ते २०१३ च्या चौथ्या पिढीपासून आलं, आणि अलीकडची काही व्हिडिओ एडिटिंगची सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय चालतच नाहीत. आय७ घेऊनही ते दार उघडत नाही.

नंबरच्या शेवटचं अक्षरही वाचा. आय५-३४७०टी हा नावाने आय५ असला तरी दोनच कोअरचा आहे; आय५-२३९०टी सुद्धा तसाच. सेकंडहँड बाजारात 'आय५ आहे साहेब' एवढंच सांगून तो हातात ठेवतात. प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवर नंबर कोरलेला असतो, दुकानातच उजेडात धरून वाचा. 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' असं कोरलेलं असेल तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना असतो, तो घेऊ नका. खालच्या सोनेरी टिपक्यांवर ओरखडा किंवा काळा डाग नसावा. बाकी सेकंडहँड प्रोसेसर घ्यायला मी कधीच कचरत नाही. मशिनांत बोर्ड जातो, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) जातो, डिस्क जाते. नीट वापरलेला प्रोसेसर क्वचितच जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ऑफिसच्या मशिनांतून निघालेले असे प्रोसेसर ट्रेमध्ये मांडलेले असतात. लावून दाखवल्याशिवाय आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

बसवणं अवघड नाही, पण घाईचं काम नाही. पॉवरची वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेला भार निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात हे विसरू नका. कूलरच्या चार पिना बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. दहा वर्षांत प्रोसेसर आणि कूलरमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून चिकटलेली असते, तेव्हा कूलर सरळ उपटू नका, थोडा डावी-उजवीकडे हलवत सैल करा. एएमडीच्या जुन्या बोर्डांवर हे जास्त सांभाळावं लागतं. तिथे पिना प्रोसेसरलाच असतात आणि ओढला की कूलरबरोबर प्रोसेसर उपसून येतो. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट ऊबदार करून घेतली तर सुटायला सोपं जातं.

तुमच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर आहेत, ११५५, आणि त्या केसासारख्या. प्रोसेसरच्या दोन बाजूंच्या खाचा आणि कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून तो वरून सरळ खाली सोडायचा, सरकवायचा नाही. मग वरची धातूची चौकट खाली आणून लिव्हर दाबायचा. तो दाबताना करकर आवाज येतो आणि जोर लागतो, ते तसंच असतं.

एका शाळेच्या मशीनमध्ये शिकाऊ मुलाच्या हातून प्रोसेसर तिरका पडला होता. चालू केलं तर सगळं ठीक, फक्त आठातली चारच जीबी रॅम दिसायची. पट्टी बदलून बघितली, स्लॉट साफ केला, काही नाही. या पिढ्यांत मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, म्हणून मी प्रोसेसर उचलला आणि सॉकेटवर टॉर्च तिरका धरला. वाऱ्याने एकाच बाजूला झुकलेल्या भातासारख्या सगळ्या पिना एका रांगेत चमकत होत्या, आणि कडेच्या रांगेत दोन जागी ती चमक तुटली होती. दोन पिना वाकून शेजारणीवर टेकलेल्या. डोळ्याला भिंग लावलं, शिवणाची बारीक सुई घेतली, एका वेळी जेमतेम जाणवेल एवढीच हलवायची आणि पुन्हा टॉर्च धरून रांग बघायची. दोन पिनांना दीड तास लागला. बसवल्यावर आठही जीबी दिसली. तेव्हा प्रोसेसर बदलल्यावर रॅम अर्धी दिसली तर दोष रॅमवर टाकण्याआधी पिना बघा, आणि कूलर चारही कोपऱ्यांत सारखा दाबलाय का तेही बघा. एका बाजूने सैल राहिलेल्या कूलरनेही एक चॅनेल गायब होतं.

पेस्ट मधोमध मटाराच्या दाण्याएवढी पुरे, कूलर दाबला की ती आपणच पसरते. कूलर बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना जोडीने दाबा, आणि बोर्डच्या मागून हात फिरवून चारही पिनांची टोकं पूर्ण बाहेर आली आहेत ना ते बघा. आय३ बरोबर आलेला बुटका ॲल्युमिनियमचा कूलर ६५ वॉटपर्यंतच्या प्रोसेसरसाठी ठीक आहे. आय५-३४७० हा ७७ वॉटचा, आय५-२४०० तर ९५ चा. त्यांच्यासाठी मधे तांब्याचा गाभा असलेला उंच कूलर घ्या. सेकंडहँड प्रोसेसरबरोबर तो मागून घेता येतो. नंतर अर्धा तास जड काम देऊन तापमान बघा. ऐंशीच्या खाली राहिलं पाहिजे, आपल्या मे महिन्यातसुद्धा. आणि सीपीयूची चार पिनांची १२ व्होल्टची वायर परत लावायला विसरू नका. 'नवा प्रोसेसर लावला, फॅन फिरतोय पण डिस्प्ले नाही' असे फोन मला येतात त्यातल्या कितीकांचं उत्तर तिथेच असतं.

एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असलं तरी शेजारच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १४ अँपिअर असतील तर खरी ताकद १६८ वॉट. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या आय५ ला तेवढी पुरते, पण दहा वर्षांच्या एसएमपीएसच्या आत फुगलेले कपॅसिटर असतील तर पुरत नाही. आठव्या मशीनचा एसएमपीएस मी नवाच टाकला असता.

यूट्यूबबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलं त्यावर धडे बघतातच, म्हणून सांगतो. यूट्यूब आता व्हिडिओ बहुतेक व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने पाठवतं. तुमच्या पिढीच्या ग्राफिक्सला ते उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो, आणि पेंटियम धापा टाकतो. प्रोसेसर बदलण्याआधी ब्राउझरमध्ये एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन टाकून बघा. ते यूट्यूबकडून जुन्या एच.२६४ पद्धतीचा व्हिडिओ मागतं, तो तुमचं ग्राफिक्स स्वतः उलगडतं. फुकटात काम होतं.

विंडोजचा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि दुकानदाराने तो तुमच्यासमोर ठेवायला हवा होता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आय७-३७७० तिसऱ्या पिढीचा; तो घातल्याने तुमची मशिनं विंडोज ११ ला पात्र होत नाहीत. पळवाटेने टाकता येतं, पण ज्या मशीनवर मुलांचा सराव आणि परीक्षेची तयारी अवलंबून आहे त्यावर मी पळवाट वापरणार नाही. तुमचं टायपिंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत असेल तर लिनक्स मिंट टाका, आठ जीबी आणि एसएसडीवर ते छान पळतं आणि इनस्क्रिप्ट मराठी त्यात येतंच. विंडोजच लागत असेल तर सरावाची मशिनं नेटपासून वेगळी ठेवा आणि बँकेचं, आधारचं, फॉर्मचं काम त्यांच्यावर करू नका.

यातूनच आठव्या मशीनबद्दल दुसरा पर्याय निघतो. फॉर्म आणि पैशांचे व्यवहार त्यावर होतात. तुमचं बजेट थोडं ताणता येत असेल तर त्याला आय५ न घालता ऑफिसमधून निघालेलं आठव्या पिढीचं एक रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून पुन्हा विकायला काढलेलं, मशीन घ्या, आय५-८५०० वगैरे, सहा कोअर, डीडीआर४, विंडोज ११ रीतसर. माझा हिशेब असा असतो: जुन्या मशीनवरचा एकूण खर्च अशा रिफर्बिश्ड मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे गेला की मी गिऱ्हाइकाला थांबवतो. टायपिंगच्या मशिनांवरचा एसएसडी आणि रॅमचा खर्च या रेषेच्या आत बसवता येतो. शिवाय एसएसडी पुढच्या मशीनमध्येही लागते, डीडीआर३ मात्र लागत नाही. म्हणून एसएसडी नवी आणि चांगली घ्या, रॅम सेकंडहँड चालेल.

आठवं मशीन आहे त्याच बोर्डवर ठेवायचं ठरलं तर खरेदीची यादी अशी: २४० किंवा २५६ जीबीच्या आठ एसएसडी, आठ जीबीच्या दोन पट्ट्या, चार जीबीच्या सहा पट्ट्या, एक आय५ आणि त्याचा उंच कूलर. सहाच पट्ट्या, कारण आठव्या मशीनमधून निघणारी चार जीबीची पट्टी सातव्याला जाते. त्यातून निघणारा प्रोसेसर आय३ असेल तर तो एखाद्या पेंटियमच्या जागी जातो, आणि तो पेंटियम लहान डबीत, पेस्ट पुसून, जपून ठेवा. पुढे कधी एखादं मशीन उठेना झालं तर दोष बोर्डचा की प्रोसेसरचा हे तपासायला तो कामी येतो.

प्रोसेसर बदलल्याने विंडोजचं ॲक्टिव्हेशन सहसा जात नाही, मदरबोर्ड बदलला की जातं. जुनं विंडोज एसएसडीवर क्लोन करत बसू नका, दहा वर्षांचा गाळ बरोबर येतो, नवीनच टाका. आधी एकच मशीन पूर्ण करा, आठवडाभर मुलांना त्यावर बसवा आणि टास्क मॅनेजरमधले तेच तीन आलेख पुन्हा बघा. ते निवांत दिसले की मग उरलेल्यांचं सामान मागवा.